बर्फवाली

बंदरावर बर्फ फोडणारे तात्या आता मला ओळखतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, “खयची मासळी भरतलंस गो इतक्या बरफात?” मी म्हटलं, “मासळी नाय, पोरांची ढोपरां.” ते हसले नाहीत. लादीवर टोच्या मारला, चुरा थर्माकोलच्या खोक्यात भरला आणि पैसे मोजताना म्हणाले, “ढोपरांका बरफ लावतत? आमचे हात बरफान आकडले, आणि तुमी मुद्दाम लावतास.”

ते खोकं आधी कुठल्यातरी सुरमईचं असतं. कितीही घासलं तरी वास जात नाही. कबड्डीत चढाईला जाणारी पोरं नाक मुरडतात, “ताई, ह्या बरफाक बांगड्याचो वास येता.” मी म्हणते, आधी सूज उतरू दे, वासाचं मग बघू.

मालवणात माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. सोमवार ते शनिवार तिथे कंबर, मान, गोठलेले खांदे, अर्धांगवायूनंतरचे व्यायाम. आणि डिसेंबर ते मे, शनिवार-रविवारच्या रात्री, आचरा-देवगड-कुडाळ पट्ट्यातल्या कबड्डी स्पर्धांना मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत. तिथे मला कोणी डॉक्टर म्हणत नाही. समालोचक माइकवरून पुकारतो, “बर्फवाली म्याडम, मैदानात यावे.” सुरुवातीला राग यायचा. आता उठून जाते.

गेल्या महिन्यात एका आईचा फोन आला. मुलगी बारावी सायन्सला, कबड्डीत डावा कोपरा खेळते. “तिला ते अमेरिकेत असतं ना, अॅथलेटिक ट्रेनर, ते व्हायचंय म्हणते. मोबाइलवर सहा आठवड्यांचा कोर्स दिसतोय, सर्टिफिकेट घरपोच येतं. भरू का पैसे?” मी म्हटलं, वहिनी, एक पैसा भरू नका, पोरीला घेऊन या. मंगळवारी दोघी आल्या आणि माझे दोन पेशंट बाहेर ताटकळत बसले. तेव्हा जे बोलले ते इथे लिहून ठेवतेय, कारण हाच प्रश्न वर्षभरात तिसऱ्यांदा आला.

घोळ सगळा ‘ट्रेनर’ ह्या शब्दाचा आहे. माझा मावसभाऊ ओहायोतल्या एका कॉलेजात हेच काम करतो. तो फक्त मे महिन्यात येतो, कारण ऑगस्टपासून तिकडे त्यांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. गणपतीला त्याला आजवर एकदाही रजा मिळालेली नाही आणि मावशीला त्याचं दर वर्षी नव्याने वाईट वाटतं. गेल्या मे महिन्यात ओटीवर बसलेल्या एका काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “ट्रेनर मां तू? मगे बॉडी खय आसा तुझी?” तो म्हणाला, तिकडेही अर्धं आयुष्य हेच समजावण्यात जातं. लोकांना वाटतं, हा वजनं उचलायला शिकवतो. खरं तर त्याचं काम आरोग्यसेवेचं. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून आधीपासून बघायचं, झालीच तर जागेवर ती ओळखायची, जिवावर बेतलं असेल तर पहिली मिनिटं सांभाळायची, नंतर व्यायाम करून घ्यायचे आणि परत मैदानात कधी सोडायचं ते ठरवायचं. हे सगळं डॉक्टरांच्या सहकार्याने, पण मैदानावर पाय ठेवून. डॉक्टर दवाखान्यात असतो. हा घामाच्या वासात असतो.

तिथल्या ह्या ट्रेनर लोकांची संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत सुरू झाली. तिथल्या वैद्यक संघटनेने ह्या कामाला आरोग्य-व्यवसाय म्हणून मान्यता दिली ती १९९० साली. त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, बघ, म्हणजे आपण दोघं एकाच वर्षी पास झालो. मी त्याला आठवण करून दिली की खेळाला पदक मिळालं, खेळाडूच्या गुडघ्याला अजून कोणी मिळालेलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर तिथे हा रस्ता हळूहळू अरुंद आणि उंच होत गेला. पूर्वी एखाद्या मुरलेल्या ट्रेनरच्या हाताखाली ठरावीक तास काम करूनही परीक्षेला बसता यायचं. तो दरवाजा २००४ साली बंद झाला. मग पदवी हवी. मग २०१५ साली ठरलं की पदवी पुरत नाही, पदव्युत्तर शिक्षणच हवं, आणि २०२२ नंतर पदवीच्या पातळीवर नवीन मुलं घेणं थांबलं. आता मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून साधारण दोन वर्षांचं मास्टर्स, मग राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा, मग आपापल्या राज्याचा परवाना. जवळजवळ सगळी राज्यं परवाना मागतात. कॅलिफोर्नियाने मात्र वर्षानुवर्षं हा विषय टोलवलाय, आणि भाऊ त्यावरून तिथल्या मित्रांना यथेच्छ चिडवतो. परवाना मिळाला म्हणून सुटका नाही. दर दोन वर्षांनी नवीन शिकल्याचे ५० गुण जमवून दाखवायचे आणि हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं प्रमाणपत्र कायम चालू ठेवायचं.

मास्टर्सला प्रवेश घेण्याआधी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया हे विषय कॉलेजच्या पातळीवर झालेले लागतात. भाऊ इथून फिजिओथेरपी करून गेला होता, तरी त्याला वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. सांधे आणि स्नायू त्याला येत होते. पण मान मोडल्याचा संशय असताना हेल्मेट घातलेल्या माणसाला पाठीवर कसं वळवायचं, डोक्याशी कोण बसणार, आकडे कोण मोजणार, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. शिवाय किमान चार आठवडे सलग, दुसरं काही न करता, एका संघाबरोबर पूर्णवेळ. तो सांगतो, पहाटे साडेपाचला दार उघडायचं आणि सरावाआधी रांगेने घोटे बांधायचे. एका सकाळी चाळीस. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी फाडून फाडून अंगठ्याचं कातडं गेलं.

मास्टर्सच्या सक्तीवरून तिकडे भरपूर वाद झाले. फी वाढते, कर्ज वाढतं, पगार तेवढा वाढत नाही. भावाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. मला विचाराल तर अभ्यास खोल हवा हे बरोबर, पण असा रस्ता फक्त कर्ज परवडणाऱ्यांचा होऊन बसतो हेही खरं. आमच्या वाडीतल्या किती पोरी तिथवर पोचतील?

पण ती आई मला विचारत होती, “एवढं शिकायचं कशाला? बर्फच तर लावायचा असतो.” तेव्हा मी पोरीला माझा उजवा गुडघा दाखवला.

जानेवारी २००८. मी सतरा वर्षांची, उजवा कोपरा. समोरची चढाई करणारी आत आली, मी घोट्यावर झेपावले, माझा पाय मातीत रुतला आणि अंग वळलं. आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, बारीक आणि कोरडा. मला तो गुडघ्याच्या आतून ऐकू आला. कोचनी स्प्रे मारला, दोघींनी उठवून उभं केलं, मांडवातून ओरडा झाला, “काय जावक नाय, खेळ गो!” आणि मी खेळले. दुसरा अर्ध पूर्ण खेळले! पुढे कित्येक वर्षं मला ह्याचा अभिमान होता, म्हणजे बघा.

रात्री गुडघा नारळाएवढा. सकाळी हाडवैद्याकडे. त्यांनी शीर चढली म्हणून अकरा दिवस चोळलं, वर आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप. मग एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, आठ दिवस आराम. एक्स-रेत अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे लिगामेंट, दिसतच नाहीत, हे मला पुढे कॉलेजात कळलं. दीड वर्ष तो गुडघा अधूनमधून दगा देत राहिला. एकदा एसटीतून उतरताना असा निसटला की मी वह्या-पुस्तकांसकट स्टँडवर. कोल्हापूरला एमआरआय काढला. पुढचा अस्थिबंध कधीचा तुटलेला, आणि त्या पोकळ गुडघ्यावर उड्या मारून मारून आतली गादी बादलीच्या कडीसारखी फाटलेली. शिवण्यासारखी राहिली नव्हती, काढून टाकावी लागली. आज चौतिसाव्या वर्षी मी जिना उतरताना कठडा धरते.

हाडवैद्यांना मी दोष देत नाही. बाबांचं मोडलेलं मनगट त्यांनीच सरळ बसवलं होतं. कोचना कोणी शिकवलं नव्हतं. अडचण एवढीच होती की त्या पहिल्या दहा मिनिटांत, जेव्हा गुडघा खरं सांगत होता, तेव्हा त्याला विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

हे दहा मिनिटांचं जरा नीट सांगते. अस्थिबंध तुटला की आत रक्तस्राव होतो आणि काही तासांत गुडघा टम्म भरतो. मांडीचे स्नायू भीतीने आवळून बसतात. मग कितीही चांगला डॉक्टर असू दे, हाताने तपासून नक्की सांगणं कठीण जातं. पण पडल्या पडल्या, सूज यायच्या आत, गुडघा वीस-तीस अंशात वाकवून एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. धड गुडघ्यात नडगी जरा सरकते आणि खटकन अडते. तुटलेल्या गुडघ्यात अडतच नाही. ओल्या चिखलातून खुंटी उपटावी तशी मऊ पुढे येत राहते. वाचून हे सोपं वाटेल. माझ्या हाताला ते कळायला शे-दोनशे गुडघे धरावे लागले, आणि त्यातले बरेचसे धड होते. धड गुडघा कसा लागतो हे आधी हाताला माहीत असावं लागतं.

गेल्या फेब्रुवारीत, आचऱ्याच्या बाजूला, उपांत्य सामना. एकोणीस वर्षांचा चढाईपटू, त्या रात्री सुटलेला. बोनस घेऊन मागे फिरताना साखळी आली, पाय मॅटवर चिकटला, अंग फिरलं. हल्ली टेंपोतून मॅट येतात, मातीसारखा पाय सरकत नाही, आणि बूट घातले की आणखीच रुततो. मी पोचेपर्यंत चौघांनी त्याला उचलायला घेतलं होतं. “ठेवा खाली,” एवढं मी मोठ्याने ओरडले. मग त्याला म्हटलं, माझ्याकडे बघ, पायाकडे बघू नको, आणि मांडी सैल सोड. हॅलोजनखाली डास आणि पतंग. कोणीतरी माझ्या डोक्यावरून स्प्रे मारत होतं. मी नडगी ओढली. अडली नाही. दुसरा गुडघा धरला, तो खटकन अडला. परत पहिला. नाही.

त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

मग सुरू झाली खरी कुस्ती. मंडळाचे अध्यक्ष, त्याचा काका, दोन्ही संघांचे सल्लागार. “पट्टी मार गो बाय, दोन चढाये करूक दी तेका. फायनल आसा.” मी नाही म्हटलं. “तू डागदर काय?” म्हटलं, डागदर नाय, पण ढोपर माझ्या हातात होता, तुमच्या नाय. तिकडे कॉलेजच्या खेळांत नियमच आहे की खेळाडू परत उतरणार की नाही हे ट्रेनर आणि डॉक्टर ठरवतात, कोचला तो निर्णय फिरवता येत नाही. माझ्याकडे नियम नव्हता. माझ्याकडे होती फक्त त्याची आई, मांडवाच्या मागे वडापावच्या स्टॉलवर. तिला जाऊन सांगितलं. ती झारा हातात घेऊनच मैदानात आली आणि चर्चा संपली.

फायनल त्यांचा संघ हरला. महिनाभर त्या गावातून मला बोलावणं नव्हतं. पोराचं ऑपरेशन गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात झालं, गादी शाबूत होती. नऊ महिने मी त्याला कबड्डी खेळू दिली नाही. आठव्या महिन्यात चोरून खेळलाच, ते वेगळं.

गुडघ्याने माणूस मरत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची आहे.

आमच्या किनाऱ्यावर पहाटे फिरलात तर ओल्या वाळूवर पोरंपोरी पळताना दिसतील. सगळी पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी ५० गुण. ह्यांच्या नडग्या आणि टाचा माझ्याकडे येतातच. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो आणि ही पोरं रोज त्याच बाजूने त्याच बाजूला पळतात, म्हणजे एक पाय कायम खालच्या अंगाला. परत येतानाही पळत या, एवढं सांगून माझ्याकडची काही दुखणी बिनपैशात बरी झालीत.

एप्रिलमध्ये एका रविवारी सरावाची चाचणी होती. शिकवणारे उशिरा आले आणि साडेसहाची दौड दहाला सुरू झाली. वारा पडलेला. कोकणातला घाम तुम्हाला माहीत आहे, तो वाळत नाही, नुसता गळतो. आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही. एक मुलगा शेवटच्या फेरीत वेडावाकडा पळायला लागला, मग बसला, मग आडवा. मी त्या दिवशी केवळ टाचेच्या पट्ट्या शिकवायला गेले होते. जवळ गेले तर तो मला “आये” म्हणाला आणि मग काहीतरी बरळायला लागला. अंग इस्त्रीसारखं, पण घामाने चिंब. लोकांना वाटतं उष्माघातात कातडं कोरडं पडतं, पळणाऱ्यांच्या बाबतीत तसं असेलच असं नाही. कोणीतरी कोकम सरबत त्याच्या तोंडाला लावत होतं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात ते गेलं असतं तर नवीनच संकट.

भावाने एकदा व्हिडिओवर दाखवलं होतं. टब नसेल तर ताडपत्री. माणसाला मधे झोपवायचं, सहा-सात जणांनी कडा उचलून झोळी करायची, आत बर्फ आणि पाणी, आणि हलवत राहायचं. ताडपत्रीची कोकणात काय कमतरता! रापणीच्या होडीवरची काढली. बर्फ बंदरावरून, तात्यांकडून, मोटारसायकलवर पोत्यातून आला. पैसे द्यायचे अजून राहिलेत असं ते सांगतात, मी दिलेत असं मी सांगते. नियम असा की अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. शरीराचं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं, ते अर्ध्या तासाच्या आत ३९ च्या खाली आणायचं असतं. खरं मोजायचं तर गुदाशयातला तापमापक लागतो, काखेतला फसवतो. किनाऱ्यावर, शंभर माणसांत, माझ्याकडे ना तो तापमापक होता ना आडोसा. बरळणं थांबेपर्यंत हलवत राहा, एवढंच धरून चालले. १०८ ची गाडी आली, त्यांना लगेच उचलायचा होता. मी म्हटलं, पाच मिनिटं. ते चिडले. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, “थंडी वाजता.” इतकं गोड वाक्य मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आता तो भरती झाला का म्हणाल, तर नाही झाला. दुकान चालवतो. मला बघून दर वेळी थंडी वाजल्याची नक्कल करतो.

बारावीची पोरगी हे सगळं ऐकत होती आणि तिची आई घड्याळाकडे बघत होती. मग पोरीने विचारलं, “म्हणजे टीव्हीवर दाखवला तो अमेरिकन फुटबॉलवाला डॅमर हॅम्लिन, त्यालाही ट्रेनरनेच वाचवलं?” मी थक्क झाले, कारण तिला तारीखही माहीत होती. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. छातीवर मार बसला, उठून उभा राहिला आणि कोसळला. हृदय थांबलं होतं. संघाचा सहायक अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने तिथेच छाती दाबायला सुरुवात केली, विजेचा झटका दिला गेला आणि तो खेळाडू पुढच्या हंगामात परत खेळला. मी तिला म्हटलं, ते घडलं त्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. तिथे प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही बाजूंचे वैद्यकीय लोक एकत्र उभे राहून ठरवतात, गाडी कुठे, मशीन कुठे, कोण काय करणार.

आमच्याकडे झटक्याचं मशीन नाही. पण बैठक मी घेते. पाच मिनिटांची. मंडळातल्या एकाची गाडी, तोंड रस्त्याकडे करून लावलेली, चावी माझ्या टेबलावर, ड्रायव्हर रात्रभर कोरडा. आणि मैदानात यायच्या पाणंदीत मोटारसायकली लावायच्या नाहीत. ह्यातली शेवटची अट आजवर एकाही गावाने पाळलेली नाही.

मग आलो मुद्द्यावर, म्हणजे पैसे आणि वर्षं. आपल्याकडे अॅथलेटिक ट्रेनर असा वेगळा परवान्याचा व्यवसाय नाही. ते काम खेळाकडे वळलेले फिजिओ करतात. म्हणजे आधी बीपीटीएच, फिजिओथेरपीची पदवी. आमच्या वेळी ती चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. प्रवेशाला तेव्हा सीईटी होती, आता नीट. मग राज्याच्या परिषदेत नोंदणी, त्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. मग खेळाच्या दुखापतींत दोन वर्षांचं मास्टर्स. आमच्या वेळच्या हिशोबाने साडेसहा वर्षं झाली. २०२१ साली आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झालाय, त्यामुळे अभ्यासक्रम आणि नियम बदलत राहतील, म्हणून ज्या वर्षी अर्ज भरशील त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, माझं जुनं ज्ञान धरून बसू नको. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कोच घडवते, बीपीएड केलं तर शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. दोन्ही कामं चांगली, पण ती शिकवण्याची. गुडघा हातात घ्यायचा असेल तर आरोग्याच्या दारानेच आत यावं लागतं. आणि सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेटने ह्यातलं काहीच होत नाही, ते फक्त घरपोच येतं.

“पगार?” आईने विचारलं. मी खरं सांगितलं. मोठे संघ, लीग, अकादमी इथे बरे पैसे आहेत, पण जागा मोजक्या. जिल्ह्यात राहायचं तर क्लिनिकवर पोट आणि मैदानावर हौस. गेल्या हंगामात मला मैदानावरून मिळालं ते असं: सात शाली, एकवीस नारळ, दोन ट्रॉफ्या आणि पेट्रोलपुरतं मानधन. शालींची आमच्याकडे चादर झाली आहे. नारळ मात्र उपयोगी पडले.

आई गप्प झाली. पोरगी म्हणाली, रविवारी येऊ का तुमच्याबरोबर?

आली. देवगडच्या बाजूचं एक गाव, महिलांचे सामने आधी, पुरुषांचे नंतर. मी तिला बर्फाच्या पिशव्या भरायला लावल्या, दुखापत तपासायला नाही. आणि माझी वही दिली. लांब, हिरव्या कव्हराची, किराणा दुकानदाराची असते तशी. भावाचं म्हणणं, लिहिलं नाही तर ते झालंच नाही. कोण, काय, किती वाजता, काय केलं, काय सांगितलं. त्याच्याकडे हे सगळं संगणकावर असतं, माझ्याकडे वहीत, आणि पानांना मासळीचा वास.

रात्री साडेबाराला बॅग आवरताना मी वही उघडली. तिची पहिलीच नोंद होती. नंबर ७, डावा घोटा बाहेरून, ८.४० वाजता. ताईंनी हाडावर दाबून बघितलं, चार पावलं चालायला लावलं. बर्फ २० मिनिटं, पट्टी, पाय वर. आज खेळायचं नाही असं सांगितलं. कोचनी शिव्या दिल्या.

“ताई, शेवटचं खोडू?”

“राहू दे,” मी म्हटलं. “वेळ टाक फक्त.”